‘आततायी’ शब्दाच्या अर्थाचा इतिहास

मराठीत आज ‘आततायी’ हे विशेषण ज्याला लावले जाते तो मनुष्य बहुधा कोणाचा वैरी नसतो. थोडा धीर धरला असता तर निभावले असते अशा ठिकाणी एकदम टोकाला जाणारा, रागाच्या भरात राजीनामा लिहून देणारा, चार माणसांना न विचारता शेत विकून मोकळा होणारा, असा तो असतो. ‘उगाच आततायीपणा करू नकोस’ हे वडीलधाऱ्यांचे वाक्य धाकट्याला आवरण्यासाठी असते. त्यात आरोप कमी आणि काळजी अधिक असते. हाच शब्द भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या तोंडी आहे. या आततायी धार्तराष्ट्रांना मारले तर आपल्याला पापच लागेल, असे तो म्हणतो. मराठी वाचक हे वाक्य आपल्या अर्थाने वाचतो आणि अर्जुन उतावळ्या, अविचारी चुलतभावांबद्दल दया दाखवीत आहे अशी समजूत करून घेतो. मूळ प्रसंग याहून पुष्कळ बिकट आहे. अर्जुनाने तेथे दंडनीतीतला एक पारिभाषिक शब्द वापरलेला आहे, आणि त्या शब्दाच्या अर्थातच त्याच्या पेचाची गाठ आहे.

ही गाठ सुटत नाही याला कारण असे की, शब्द तत्सम असला म्हणजे तो समजला असे मानण्याची आपल्या अनुवादकांना व टीकाकारांना सवय झालेली आहे. फारसी किंवा कानडी शब्द आला की तळटीप देतात. संस्कृत शब्द आला की तो तसाच मराठी वाक्यात ठेवतात. तद्भव शब्द निदान रूपाने तरी आपण बदललो आहोत हे सांगतो. तत्सम शब्द रूप तेच ठेवून आतून बदलतो, म्हणून तो अधिक फसवा.

व्युत्पत्तीविषयी फारसा वाद नाही. ‘आ’ उपसर्गपूर्वक ‘तन्’ म्हणजे ताणणे, त्यापासून ‘आतत’, आणि पुढे गमनार्थक धातू. ताणलेले धनुष्य घेऊन चाल करणारा तो आततायी. शब्दाचे जुने स्थान यजुर्वेदातील शतरुद्रीयात आहे, आणि तेथे तो निंदेचा मुळीच नाही. तेथे तो रुद्राचे विशेषण आहे व त्याला नमस्कार केलेला आहे. वाजसनेयी संहितेच्या सोळाव्या अध्यायात ‘आततायिन्’ हे रूप आहे. तैत्तिरीय संहितेत त्याच जागी ‘आतताविन्’ असा पाठ आहे. महाराष्ट्रात माध्यंदिन शाखा आणि तैत्तिरीयांच्या आपस्तंब व हिरण्यकेशी शाखा शेजारी शेजारी नांदत आल्यामुळे हे दोन्ही पाठ येथे कानांवर पडत आलेले आहेत. त्याच नमस्कारात रुद्राला क्षेत्रांचा पती म्हटले आहे. पुढे स्मृतींनी आततायींची जी यादी केली तिच्यात दुसऱ्याचे क्षेत्र हिरावून घेणारा बसला, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

ती यादी वसिष्ठ धर्मसूत्रात सहा जणांची आहे. आग लावणारा, विष घालणारा, हाती शस्त्र घेतलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि स्त्रीचे अपहरण करणारा. विष्णुस्मृतीत सात आहेत, आणि त्यांत शाप देण्यासाठी हात उचललेला, आथर्वण प्रयोगाने मारणारा व राजाकडे चहाडी करणारा यांचाही समावेश केलेला आहे. ताणलेल्या धनुष्याची मूळ प्रतिमा येथे केव्हाच मागे पडली आहे. चहाडखोराच्या हाती धनुष्य नसते. तथापि एक गोष्ट दोन्ही याद्यांत कायम आहे. आततायी ठरतो तो कृत्यावरून, स्वभावावरून नव्हे. विष घालणारा मनुष्य अत्यंत थंड डोक्याचा असू शकतो, किंबहुना बहुधा असतोच. शेत बळकावणारा वर्षानुवर्षे कागद रंगवीत असू शकतो. उतावळेपणाचा या याद्यांशी काहीही संबंध नाही. आता अर्जुनाचे वाक्य पुन्हा पाहावे. लाक्षागृहाची आग, भीमाला घातलेले विष, द्यूतात गेलेले धन व भूमी, द्रौपदीची विटंबना आणि समोर उभी ठाकलेली शस्त्रे: सहाही खुणा कौरवांवर बसतात. अशांना मारण्यास दोष नाही असे म्हणणारे शास्त्र अर्जुनाला ठाऊक आहे, आणि तरीही पापच लागेल असे तो म्हणतो. श्रीधरस्वामींनी या श्लोकावर टीका करताना सहा आततायींची यादी दिली आहे आणि अर्थशास्त्राहून धर्मशास्त्र बलवत्तर हा न्याय पुढे केला आहे, तो याच कारणाने. ‘उतावळे’ असा अर्थ घेतला की हा सगळा वाद नाहीसा होतो आणि उरते ती नुसती हळवी तक्रार.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आततायीवरील प्रसिद्ध वचन आहे. गुरू असो, बालक असो, वृद्ध असो की बहुश्रुत ब्राह्मण असो, आततायी होऊन चालून आल्यास त्याला मारावेच, असे ते सांगते. अर्थाच्या इतिहासाच्या दृष्टीने या वचनातले दोन शब्द लक्षणीय आहेत. एक ‘आयान्तम्’, म्हणजे येत असलेला. दुसरा ‘अविचारयन्’, म्हणजे विचार करीत न बसता. पहिला शब्द मारेकऱ्याविषयी आहे, दुसरा स्वसंरक्षण करणाऱ्याविषयी. मराठीत नेमका अविचार आततायीच्या गळ्यात पडला. हा एका श्लोकाच्या गैरसमजाचा परिणाम आहे असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण पंडितांच्या श्लोकावरून बाजारातल्या शब्दाचा अर्थ क्वचितच ठरतो. परंतु वचनातले दृश्यच असे आहे की त्यात दोन्ही बाजूंना वेळ नाही. एकजण धावून येत आहे, दुसऱ्याला क्षणात ठरवावयाचे आहे. ज्या प्रसंगात शब्द पुनःपुन्हा उच्चारला जातो त्या प्रसंगाचा रंग शब्दाला लागतो, आणि मूळ घटक पुसट झाला की रंगच अर्थ होऊन बसतो. अर्थविचारात याची उदाहरणे थोडी नाहीत.

या वचनावरचा सर्वांत सूक्ष्म विचार सोलापूरच्या शेजारी झाला आहे. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा कल्याणीस लिहिली, चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६–११२६) राज्य करीत असताना. ते कल्याण म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. पुढे बसवेश्वर आणि सोलापूरचे सिद्धरामेश्वर यांच्यामुळे ते येथील घराघरांत माहीत झाले. भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडलचा मराठी शिलालेख शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा. त्यानंतर दोन-तीन पिढ्यांतच मिताक्षरा झाली. म्हणजे या भूमीवर मराठी अक्षरे दगडावर उमटू लागली होती, कानडी राजभाषा म्हणून वावरत होती, आणि ‘आततायी’ शब्दाचा काथ्याकूट संस्कृतात चालला होता.

याज्ञवल्क्याने व्यवहाराध्यायात म्हटले आहे की अर्थशास्त्र व धर्मशास्त्र यांत विरोध आल्यास धर्मशास्त्र प्रबळ समजावे. या विरोधाचे उदाहरण म्हणून काहीजण आततायिवधाची वचने देत असत. एकीकडे आततायी ब्राह्मणालाही मारावे असे म्हणणारे वचन, दुसरीकडे ब्राह्मणवधाचा निषेध. विज्ञानेश्वराला हे उदाहरण पटत नाही. त्याचे म्हणणे असे की, गुरूलाही मारावे हे वचन अर्थवाद आहे. गुरूचीही गय नाही, मग इतरांची काय कथा, एवढेच त्याला सुचवावयाचे आहे. गुरूला वा ब्राह्मणाला मारण्याचा विधी ते सांगत नाही. मग स्वतःवर चालून आलेल्या ब्राह्मणाचे करावयाचे काय? त्याला अडवावे, जीव घेण्याचा हेतू मनात न धरता अडवावे. तसे करताना चुकून तो मेला तर प्रायश्चित्त थोडके आणि राजदंड नाही. विरोधाचे खरे उदाहरण त्याने दुसरेच दिले आहे: मित्रलाभ श्रेष्ठ मानणारी राजनीती आणि निःपक्षपाताने न्याय देण्याची आज्ञा. ब्राह्मणासाठी वेगळा न्याय मागणारी ही सगळी चर्चा आजच्या वाचकाला खटकेल, आणि खटकलीच पाहिजे. परंतु अर्थशास्त्रज्ञांना जे नको तितके सोपे वाटले ते त्याने कठीण करून दाखविले, हे मान्य करावयास हवे. हेतू व परिणाम यांना वेगळे करणे, आणि ‘प्रमादात्’ हा शब्द त्या दोहोंच्या मध्ये ठेवणे, हे त्याचे काम आहे. म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकात कल्याणीस दोन व्यक्ती स्पष्टपणे वेगळ्या होत्या: जीव घेण्यास आलेला तो आततायी, आणि ज्याच्या हातून अनवधानाने जीव गेला तो प्रमादी. मराठीने पुढे पहिल्याच्या नावाने दुसऱ्याला हाक मारावयास सुरुवात केली.

हे घडण्यास सामाजिक कारण आहे, आणि ते शब्दाबाहेर शोधले पाहिजे. बहमनी व त्यानंतरच्या काळात दक्षिणेतल्या न्यायव्यवहाराची भाषा बदलली. ‘गुन्हा’, ‘खून’, ‘फिर्याद’, ‘मुनसफी’, ‘गुन्हेगारी’ हे शब्द मराठी कागदपत्रांत रुळले. शिवकालात राजव्यवहारकोश करून संस्कृत प्रतिशब्द सुचविले गेले तरी महजरांत व निवाडपत्रांत हेच शब्द चालत राहिले. खून करणाऱ्याला खुनी हा शब्द मिळाला, लूट करणाऱ्याला दरोडेखोर मिळाला. ‘आततायी’ शब्दाची कचेरीतली जागा गेली. जागा गेलेला शब्द एकतर मरतो किंवा दुसरे काम पत्करतो. पुराण, कीर्तन आणि घरातले बोलणे येथे त्याला काम मिळाले, आणि तेथे गुन्ह्याच्या घटकांपेक्षा माणसाच्या वृत्तीची चर्चा अधिक असते.

या दुसऱ्या घरी तो कोणत्या वाटेने आला असावा याचा माग अश्वत्थाम्याच्या कथेत लागतो. भागवताच्या पहिल्या स्कंधात पांडवपुत्रांना झोपेत मारणारा अश्वत्थामा बांधून आणला जातो, तेव्हा श्रीकृष्ण दोन्ही आज्ञा एकदम अर्जुनापुढे ठेवतो: ब्राह्मणाला मारू नये, आततायीला मारावे. अर्जुन त्याचे केस व मस्तकमणी कापून घेऊन त्याला हाकलून देतो. कथेतला आततायी स्मृतीच्या व्याख्येत पुरेपूर बसणारा आहे, शस्त्र हाती घेतलेला खुनी आहे. पण हीच कथा महाभारताच्या सौप्तिकपर्वात पाहिली तर तिथे कृपाचार्य त्याला सांगतात की आज रात्री झोप, सकाळी वडीलधाऱ्यांना विचारू, मग काय ते करू. तो एक रात्र थांबत नाही. कीर्तनकार या ठिकाणी रेंगाळतो, श्रोता इथेच हळहळतो. येथे खुनशीपणा आणि उतावळेपणा एकाच माणसात, एकाच रात्री एकत्र आले आहेत. दोन अर्थांमधला पूल असा प्रसंगांवर उभा राहतो. जखमेवर तेल मागत हिंडणारा चिरंजीव अश्वत्थामा मराठी मुलखात ज्यांना माहीत नाही अशी जुनी माणसे विरळा. शास्त्रातली सहा जणांची यादी मात्र त्यांच्यापैकी क्वचितच कोणाला सांगता येईल.

अर्थ बदलल्याचा पुरावा केवळ वाक्यांच्या भावार्थावर सोडण्याचे कारण नाही. तो शब्दाच्या घडणीतही आहे. मराठीतला ‘-पणा’ प्रत्यय गुणवृत्तिवाचक शब्दांना सहज लागतो: उतावळेपणा, धसमुसळेपणा, वेडेपणा. कृत्यावरून ठरणाऱ्या नामांना तो सहसा लागत नाही. ‘खुनीपणा’ कोणी म्हणत नाही, ‘दरोडेखोरपणा’ही नाही. ‘आततायीपणा’ मात्र सर्रास चालतो, इतका की मूळ विशेषणापेक्षा तोच अधिक ऐकू येतो. दुसरी खूण तरतमभावाची. ‘तो फार आततायी आहे’, ‘धाकटा जरा आततायीच’ ही वाक्ये मराठीत शुद्ध आहेत. स्मृतीच्या भाषेत जरासा आततायी असू शकत नाही. हातात शस्त्र आहे किंवा नाही. हिंदीत हा शब्द अजून अत्याचारी, जुलमी मनुष्यालाच लावतात, आणि म्हणून हिंदी वृत्तपत्रातील मथळा मराठी माणसाला आहे त्याहून सौम्य वाटतो. ज्यांना मराठी अर्थ ‘चूक’ वाटतो त्यांनी ही घडण पाहावी. प्रत्यय, तरतमभाव आणि व्यवहार यांनी एकमुखाने दिलेला अर्थ चूक ठरविण्याचा अधिकार कोणत्याही शुद्धिवाद्याला नाही. तो मूळ अर्थ नव्हे, एवढेच खरे.

‘साहस’ शब्दाची तुलना येथे उपयोगी पडते, कारण त्याचा प्रवास उलट दिशेने झालेला आहे. ‘सहस्’ म्हणजे बळ. बळाच्या जोरावर, उघडपणे केलेला गुन्हा ते साहस. मनू चोरी व साहस यांतला भेद हाच सांगतो. दंडाच्या पायऱ्यांनाही हेच नाव आहे: मनूच्या मते अडीचशे, पाचशे व हजार पण, याज्ञवल्क्याच्या मते दोनशे सत्तर, पाचशे चाळीस व एक हजार ऐंशी पण. हाच शब्द आता साहसकथा, साहसी खेळ, तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार अशा मानाच्या ठिकाणी बसतो. जुना डाग ‘नसते साहस’ या प्रयोगात मात्र अजून दिसतो. स्कॉटलंडच्या बोलीत ‘रॉकल’ हा शब्द असाच आहे. अविचारी, उतावळा या अर्थापासून तो दणकट, म्हातारपणीही खणखणीत अशा कौतुकाच्या अर्थापर्यंत पोचला, आणि रॉबर्ट बर्न्सने तो आपल्या देशाच्या जिभेलाच लावला. धोका पत्करण्याकडे समाज कौतुकाने पाहू लागला की असे शब्द वर चढतात. ‘आततायी’ वर चढला नाही, नुसता हलका झाला. ‘गर्दी’ शब्दाचेही तेच झाले. फारसी ‘गर्द’ म्हणजे धूळ, गर्दीस मिळविणे म्हणजे धुळीस मिळविणे, आणि पानिपतानंतरची ‘भाऊगर्दी’ आज लग्नाच्या पंगतीलाही चालते.

सोलापुरात तर अर्थांची ही फाटाफूट एका गल्लीत ऐकावयास मिळते. संस्कृत ‘अवसर’ मराठीत संधी किंवा वेळ, कानडीत घाई, तेलुगूत गरज. आणि इथल्या मराठीत ‘गडबड करू नको’ म्हणजे गोंधळ घालू नको असे नसून घाई करू नको असे असते. कानडीतील ‘गडिबिडि’ शेजारी असल्यावर दुसरे काय होणार?

शब्दाच्या दोन अर्थांतले अंतर केवळ पंडिती कुतूहलाचे नाही. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात अहिंसेची मर्यादा ठरविताना मनूचे आततायिवचन घेतले आहे. तेथे जुना, दंडनीतीतला अर्थ धरल्याशिवाय युक्तिवाद उभाच राहत नाही. मराठी अर्थाने वाचल्यास उतावळ्या माणसाला ठार मारण्याची परवानगी टिळक देत आहेत असा भयंकर निष्कर्ष निघेल. हा ग्रंथ ज्या मंडालेच्या तुरुंगात लिहिला गेला तेथे टिळक पोचले ते १९०८ च्या खटल्यामुळे. लेख मराठी, नऊ ज्यूरींपैकी सात युरोपीय, निकाल सात विरुद्ध दोन. मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतराबद्दल टिळकांनी जी झुंज दिली ती शब्दार्थाच्या अभ्यासकाने तरी विसरू नये.

फौजदारी कायद्याने हे दोन अर्थ आजही वेगळे ठेवले आहेत. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम १०० व १०३ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३८ व ४१ यांत, कोणत्या हल्ल्याविरुद्ध जीव घेण्यापर्यंत स्वसंरक्षण करता येते त्याची यादी आहे. ठार मारण्यासाठी केलेला हल्ला, अपहरण, बलात्कार, जबरी चोरी, आग लावणे: वसिष्ठाच्या यादीतील निम्म्याहून अधिक माणसे येथे नाव बदलून हजर आहेत. दुसरीकडे रस्त्यावरील अपघाताची फिर्याद लिहिताना पोलीस ‘हयगयीने, अविचाराने व निष्काळजीपणाने’ असे लिहितात. दोन्ही ठिकाणी ‘आततायी’ शब्द नाही, आणि नसावा हेच बरे.

वृत्तपत्रांत मात्र तो आहे. ठरवून, साधने जमवून केलेल्या हत्येला ‘आततायी कृत्य’ म्हटले की वाचकाच्या मनात दोन्ही अर्थ एकदम हलतात, आणि मराठी कानाला जवळचा तो हलका अर्थ जिंकतो. थंड डोक्याने रचलेला कट तिरमिरीत घडलेली चूक वाटू लागतो. त्याहून वाईट प्रयोग आत्महत्येच्या बातमीतला. कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्याने किंवा नापास झालेल्या विद्यार्थ्याने जीव दिला की ‘आततायी पाऊल’ उचलल्याचे लिहितात. पंधरा वर्षांच्या थकबाकीला उतावळेपणाचे नाव मिळते, आणि जो शब्द इतरांचा जीव घेणाऱ्यासाठी होता तो स्वतःचाच जीव गमावलेल्याच्या माथी बसतो. हा प्रयोग मराठी अर्थाच्या नियमांनी शुद्ध आहे. तरीही तो टाळावा, कारण कारणाची चौकशी करण्याऐवजी तो स्वभावाला दोष देऊन मोकळा होतो.

असे प्रयोग तपासावयास कोश हवा, आणि तो कालक्रमाने अर्थ देणारा हवा. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ मधले. दोन्हींचे उपकार मोठे आहेत. पण त्यांची मांडणी अर्थांचे क्रमांक देते, अर्थांची वर्षे देत नाही. तुळपुळे व फेल्डहाउस यांचा १९९९ चा कोश जुन्या मराठीपुरता, म्हणजे साधारण चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा. ‘आततायी’ शब्दाने कचेरी सोडून घर गाठले तो काळ नेमका या दोहोंच्या मधला, बखरी, महजर आणि कीर्तनाख्यानांचा आहे, आणि तो पदव्युत्तर अभ्यासकांच्या हाती लागण्याजोगा आहे. सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोट येथील दप्तरांत व मठांत मराठी लिहिले जात होते तोच हा काळ. संस्कृतच्या बाजूने वाट पाहण्यात अर्थ नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या ऐतिहासिक संस्कृत कोशाचा पहिला भाग १९७६ साली निघाला, आणि ते प्रचंड काम अजून ‘अ’ या अक्षरातच चालू आहे. ‘आततायी’ हा शब्द ‘आ’पासून सुरू होतो.